बिनबोलाची रेकॉर्ड

लगीनसराई आली की आमच्या घराच्या काचा आधी वाजतात, सनई मागाहून. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी शाळवाचं रान होतं. तिथं आता लग्नाचं लॉन झालंय; म्हणायचं लॉन आणि गवत प्लास्टिकचं. काल भरदुपारी मी जेवायला बसले होते. वाटीतली आमटी हलली. भूकंप म्हणावा, तर कोयनेचा धक्का इतका तालात येत नाही. मग कळलं, नवरानवरी लॉनच्या दारातून आत येताहेत आणि त्यांच्या स्वागताला ती लागलीय. तीच. पन्नास वर्षं होत आली, मेलीला मरण नाही.

माझी नात सई सुट्टीला आली आहे. हातातला घास ताटात टाकून ती खांदे उडवायला लागली.

"आजी, हे फंक आहे. क्लासिक आहे क्लासिक!"

"आमच्याकडे त्याला कटकट म्हणायचे," मी म्हटलं आणि उठून खिडकी लावली. काचेला त्याचं काय? ती आता आतल्या बाजूनं वाजायला लागली.

ही धून ठाऊक नाही असा माणूस सातारा-सांगलीत सापडणं अवघड, तरी सांगते. त्यात गाणारं कुणी नाही. आधी एक जाड तार एकटीच वाजते, दुपारच्या वेळी गोठ्यात म्हशीनं रवंथ करावा तशी, निवांत आणि निर्लज्ज. मग कुणीतरी पत्रा खरवडतं. मग पितळी कर्णे एकदम अंगावर धावून येतात आणि पळून जातात, दार वाजवून पळणाऱ्या कार्ट्यांसारखे. मध्येच सगळे गप्प. सुटलो म्हणून माणूस श्वास घेतो, तर ढोल एकटाच सुरू होतो, आणि त्याच्यामागून पुन्हा ती म्हैस. शेवटही धड नाही. बारीक बारीक होत लांब निघून जाते, म्हणजे परत येण्याची धमकी देऊन जाते.

सईनं फोनवर तिची कुंडली काढली. तिकडं लांब कुठल्या देशात चार वाजवणाऱ्यांनी म्हणे एक गाणं केलं, आणि रेकॉर्डची दुसरी बाजू रिकामी राहू नये म्हणून जाता जाता हे वाजवून ठेवलं. गाणं पडलं, भर घातलेली बाजू चालली. म्हणजे तिथंही ती कुणी मुद्दाम मागितली नव्हती. तिथून ती आमच्या गावात कशी शिरली, हे मात्र फोनला ठाऊक नाही. मला आहे.

आमचं गाव उंब्रजपासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यात. सत्तरच्या दशकाचा मधला काळ. मी तेव्हा सुली. कराडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र. एस.टी.तून उतरून घराकडं चालत येताना पुस्तकं छातीशी अशी धरायची, की वाटेतल्या शेळ्यांनीही बाजूला होऊन 'या पदवीधरबाई' म्हणावं. बोलायची ते छापील. आईनं 'भाकरी खा' म्हटलं तर 'मला तूर्त भूक नाही' म्हणायची. आई म्हणायची, "तूर्त काय असंल ते खा, पर जेव." आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी गोठा झाडायला लावीन.

त्या काळी आमच्याकडं लग्नात लाऊडस्पीकरवर फर्माइशी चालायच्या. दोन्हीकडची माणसं स्पीकरवाल्याजवळ जाऊन गाणं सांगायची, आणि गाण्याच्या आडून एकमेकांना टोमणे मारायची. मुलीकडच्यांनी सासूला लागेल असं गाणं लावावं, मुलाकडच्यांनी त्याला उत्तर द्यावं, बघणाऱ्यांनी हसावं. एका लग्नात नवरदेवाला टक्कल होतं. फेट्याखाली झाकलेलं होतं, बातमी मात्र उघडी होती. वरात मांडवाशी आली आणि कुणीतरी चांदण्याचं गाणं लावायला सांगितलं. पूर्ण चंद्राचं! नवरदेवाच्या मामानं मांडवाचा खांबच उपटला. वऱ्हाड न जेवता गेलं. बुंदी तीन दिवस गावातली पोरं खात होती.

मग मारुतीच्या पारावर बैठक. पुढारपण माझ्या वडिलांकडं, आबांकडं. फौजेतून हवालदार होऊन आलेले. एकदा बोलले की तो हुकूम. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "सुले, तू शिकल्याली हायस. काय करावं ह्या गाण्यांचं?" शिकलेल्या पोरीला आणि काय पाहिजे? मी पदर सावरून म्हणाले, "आबा, दोष शब्दांचा असतो. स्वर निष्पाप असतात."

काय ते वाक्य! कुठल्या तरी वक्तृत्वस्पर्धेतून उचललेलं असणार. आबांनी ते जसंच्या तसं पारावर नेलं. कुणी म्हणालं, अभंग लावा. त्यावर एक म्हातारा म्हणाला, "लगनात मरणाचं अभंग लावलं तर परत खांब उपटतील की गड्या." शेवटी ठरलं. हितनं फुडं लगनात स्पीकरवर शब्द न्हाई. नुसतं वाजप.

आमच्याकडचा स्पीकरवाला पांडुतात्या. त्याच्यापाशी बिनशब्दाच्या माहितीतल्या रेकॉर्डी दोनच. एक सनईची, तिची सुई एका जागी अडकायची आणि तीच आरोळी मारत बसायची, बायका म्हणायच्या, "आवं तात्या, त्या बाईला कुनीतरी सोडवा." दुसरी लष्करी बँडची. पण आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पंगतीला वाढायला सुट्टीवर आलेले जवान. बँड लागला की आमटीच्या बादल्या घेऊन सगळे पाय जुळवून उभे! खाली पंगत ओरडतीय, "अरं वाढा रं!" आणि हे ताठ. एक म्हातारा सुभेदार तर जेवता जेवता उठून उभा राहिला, हातात जिलबी.

तेव्हा तात्यानं तिसरी रेकॉर्ड काढली. पुण्याच्या जुन्या बाजारातून गठ्ठ्याबरोबर फुकट आलेली. चोरीला जाऊ नये म्हणून तिच्यावर त्यानं आपल्या दुकानाचा कागद चिकटवला होता, त्यामुळं नाव कुणालाच कळलं नाही. सगळे तिला बिनबोलाची म्हणायला लागले. पहिल्यांदा ती लागली एका हळदीला. जात्यावर बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "तात्या, हे कुठल्या देवाचं?"

"इलायती देवाचं," तात्या म्हणाला.

म्हातारीनं जात्याला नमस्कार केला आणि ओढायला लागली. जातं त्या तालात बसलं. झालं. त्या ढोलात, त्या रवंथात काय चावटपणा भरलाय हे माझ्या गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. शब्दच नाहीत, तर वंगाळ काय असणार? जी धून ऐकून पोरांच्या कमरा जागेवर राहत नव्हत्या, ती आमच्याकडं देवकाला, तेलवणाला, अक्षतांना, पंगतीला, एवढंच काय, सत्यनारायणालाही वाजली. माझ्या निष्पाप स्वरांची ही करामत.

आणि ती गावात थांबली नाही. मलकापुरात एका लग्नात सांगलीकडचा ब्रासबँड आला होता. त्यांच्या मास्तरानं जेवण सोडलं आणि स्पीकरला कान लावून ती उचलली. पुढच्या तिथीला ती कोरेगावच्या बाजारात वाजली. कुस्तीच्या मैदानात हलगीवाल्यांनी तो एकट्या ढोलाचा तुकडा घेतला; पैलवान त्याच्यावर दंड थोपटायला लागले. कारखान्यावर पहिली मोळी टाकायच्या वेळी, गव्हाणीत ऊस पडतोय, नारळ फुटतोय, आणि मागं हीच म्हैस रवंथ करतेय. लोक म्हणायचे, लय ग्वाड वाजतंय. मी विचारायची, काय गोड? सांगा ना. कुणालाच सांगता यायचं नाही. शब्द असते तर त्या शब्दांना तरी कंटाळले असते. काहीच न सांगणाऱ्या गोष्टीला कंटाळायचं कसं, ही त्यांची अडचण.

माझी अडचण वेगळी होती. त्या वर्षी सांगलीकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. आबांनी मला समोर बसवलं.

"पास झालीस तर सांगलीला बी.एड.ला धाडतो. नापास झालीस तर सराईच्या शेवटाला लगीन. मग नगं म्हनायचं न्हाई."

मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं. साडी कुठली नेसायची, फळ्यासमोर कसं उभं राहायचं, हेसुद्धा ठरलं होतं. मी मान्य केलं, आणि ते करतानाही काहीतरी छापील बोलले असणार.

परीक्षा एप्रिलात. लगीनसराई एप्रिलात. आणि गावची लग्नं व्हायची आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत. तात्याचा कर्णा बांधला जायचा तो बरोबर माझ्या खिडकीसमोरच्या लिंबाला, कारण पुढाऱ्याच्या दारात आवाज पोचला पाहिजे हा मान. पहाटे हळद, सकाळी लग्न, दुपारी पंगत, संध्याकाळी वरात, आणि सगळ्याला एकच रेकॉर्ड. मी कानात कापूस घातला. कापसानं शब्द अडतात. ढोल अडत नाही, तो पायातून वर येतो. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसले, तर तिथं वारा तिला घेऊन आला. उसाच्या बांधावर गेले, तर पाणी पाजणारा गडी शिट्टीवर तीच घुमवत होता. शेवटी तशीच पाठ केली सगळी पुस्तकं, व्याख्येवर व्याख्या, त्या रवंथाच्या बैठकीवर.

एकदा सहन झालं नाही, म्हणून तणतणत तात्याकडं गेले.

"तात्या, ही धून सांस्कृतिक ऱ्हासाचं लक्षण आहे!"

तात्यानं विडी बाजूला ठेवली. "पोरी, तुझ्याच आबांचा हुकूम हाय. शब्द न्हाई म्हनले, म्या शब्द न्हाई लावले. आता तूच शब्द बोलायलीस."

आणि आवाज वाढवला. मी तिथं उभी, रागानं लाल, आणि माझी मान ढोलाबरोबर हलतेय. मांडवातल्या बायका हसल्या. तेव्हा वाटलं होतं, जमीन दुभंगावी. आता वाटतं, काय ध्यान दिसत असेल!

पेपर चांगले गेले. शेवटचा राहिला. कराडला परीक्षेच्या हॉलमागून रस्ता जायचा. मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं, आणि लांबून ती म्हैस आली. वरात होती. ब्रासबँड, तोही सांगलीकडचा, तोच मास्तर. कर्णे अंगावर आले तसं माझ्या डोक्यातलं सगळं उठून वरातीबरोबर चालायला लागलं. आणि ही वरात पुढं जाईल तर ना! हॉलच्या मागंच नवरदेवाच्या मित्रांनी घोडा अडवला आणि नाचायला लागले. सुपरवायझर खिडकीतून ओरडले, "अहो, परीक्षा चालू आहे!" खालून एकजण म्हणाला, "आमची कालच संपली सर, या नाचायला!" घंटा झाली तेव्हा माझ्या कागदावर जेवढं लिहिलेलं होतं तेवढ्यात एक पोस्टकार्ड भरलं नसतं.

जूनमध्ये निकाल. एका विषयात नापास. आबांनी निकाल दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि फक्त म्हणाले, "ठरल्यापरमानं."

रडले की नाही हे सांगत नाही. पण एक अट घातली. "उभी राहते लग्नाला. पण माझ्या लग्नात ती रेकॉर्ड वाजणार नाही. बँडसुद्धा तिची नक्कल करणार नाही."

आबा म्हणाले, "मग काय वाजवायचं?"

"काहीच नाही."

आबांनी शब्द दिला. फौजेतल्या माणसाचा शब्द. आणि सराईच्या अगदी शेवटच्या मुहूर्ताला, ढगाळ दुपारी, आमच्या पंचक्रोशीनं पहिल्यांदाच मुकं लग्न पाहिलं. शब्द हुकमानं बंद, वाजप माझ्या अटीनं बंद. वऱ्हाड सांगलीहून ट्रकनं उतरलं ते दबकत. "सुतक हाय का काय?" असं एकानं विचारलेलं मी आत ऐकलं. ऐकू येत होतं, तेच तर नवल होतं. बांगड्या ऐकू येत होत्या. आचाऱ्याचं झाऱ्यानं कढई खरवडणं ऐकू येत होतं. आई पदरात तोंड घालून रडत होती, तेही. तोवर मला ठाऊकच नव्हतं की लग्नात एवढं काय काय होत असतं.

भटजींनी शेवटचं मंगलाष्टक संपवलं, अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला. इथं एरवी बँड कोसळतो. सगळ्यांना सवय, सगळे थांबले, तो कोसळायची वाट बघत. नवऱ्याच्या आत्याबाईंनी त्याच सवयीनं शेजारणीच्या कानाशी तोंड नेलं आणि बँडच्या वर जाईल असा आवाज काढला.

"पोरगी दिसायला बरी हाय, पर नापास हाय म्हणं!"

बँड आलाच नाही. वाक्य मांडवभर फिरलं, खांबांना आपटलं, परत आलं. आबांची मान खाली गेली. त्या माणसाची मान खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझ्यामुळं गेली होती. हातात हार, कपाळावर मुंडावळ्या, आणि माझं तोंड उघडलं. छापील काही आलं नाही या वेळी.

"एका इषयात ऱ्हायलीया. आक्टोबरला परत बसनार हाय मी."

नवरी बोलली! मुलं खायची थांबली. सासऱ्यांनी आबांकडं पाहिलं, आबांनी जमिनीकडं. मी समोरच्या केमिस्टकडं पाहिलं. तोवर त्यांना नीट पाहिलेलंही नव्हतं. ते खाकरले. एवढ्या शांततेत तो खाकराही भाषणासारखा वाटला.

"बसू द्या की," ते म्हणाले.

बस्स. ट्रकभर वऱ्हाड आणि अख्खं गाव साक्षीला. श्रावणात सासूबाईंनी कुरकुर सुरू केली, सुनेला कशाला पाहिजेत पुस्तकं म्हणून. सासरे म्हणाले, "मांडवात समद्यांनी ऐकलंय. आता न्हाई म्हनून त्वांड कुठं दाखवायचं?" पुढं कितीतरी वर्षांनी मी यांना विचारलं, तुम्ही त्या दिवशी हो का म्हणालात? यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "अगं, लय शांतता झालेली. कायतरी आवाज व्हावा म्हनून म्हनलो." हे खरं की थट्टा, ते अजून सांगत नाहीत. मेहुणे आले की मात्र रडगाणं असतंच, 'आमच्या लग्नात वाजप नव्हतं बघा.'

तेव्हापासून माझं एक पक्कं मत झालंय, आणि ते कुणाला आवडत नाही. ही धून चांगली म्हणून टिकलेली नाही. तिच्याखाली काहीही झाकता येतं म्हणून टिकलीय. मानपानाची भांडणं, आईचं रडणं, पोरीच्या मनात असलेलं वाक्य. काल नंतर लॉनवरून जाताना पाहिलं, शेजारी शेजारी बसलेली माणसं फोनवर लिहून एकमेकांशी बोलत होती. एवढ्या गोंगाटात कुठली नवरी काय बोलणार, आणि बोललीच तर 'बसू द्या की' म्हणायला ऐकू कुणाला जाणार? सई म्हणते, आजी, तू फार चिडतेस. चिडणारच. माझं बी.एड. त्या दिवशी बँड आला असता तर तिथंच बुडालं असतं.

आता शेवटचं, जे सांगायला मला मुळीच आवडत नाही.

ऑक्टोबरात पुन्हा त्याच हॉलमध्ये बसले. चातुर्मास, लग्नं बंद, वराती बंद. मागचा रस्ता शांत. पंख्याची घरघर आणि पेनांची कुरकुर, बाकी काही नाही. पहिलाच प्रश्न होता घटत्या उपयोगितेच्या नियमाचा, उदाहरणासह स्पष्ट करा. आणि मला काहीच आठवेना. एक अक्षर नाही. सासर, सासूबाई, मांडव, 'बसू द्या की', सगळं पणाला लागलेलं, आणि डोकं धुतलेल्या पाटीसारखं. मग लक्षात आलं. मी हे सगळं शांततेत पाठ केलंच नव्हतं. लिंबावरच्या त्या कर्ण्याखाली केलं होतं. डोळे मिटले, दात आवळले, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या वैरिणीला मनातल्या मनात हाक मारली. म्हैस आली. पत्रा आला. कर्णे आले. आणि त्यांच्या पाठोपाठ, पावलाला पाऊल लावून, व्याख्या आली. एकच वस्तू माणूस लागोपाठ उपभोगत गेला, तर प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारं समाधान घटत जातं, आणि एका टप्प्यानंतर समाधानाच्या जागी त्रास सुरू होतो.

पुस्तकात उदाहरण भाकरीचं होतं. मी भाकरी सोडली आणि रेकॉर्ड घेतली. पहिल्यांदा ऐकताना ऐकणाऱ्याची मान हलते, पुढं हलायची थांबते, त्यापुढं त्याला कर्ण्यावर दगड मारावासा वाटतो. इतक्या पोटातून मी दुसऱ्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर कधी लिहिलं नाही. पास झाले. सांगलीला बी.एड. झालं. फळ्यासमोर उभी राहिले ती निवृत्त होईपर्यंत.

दरवर्षी हा नियम शिकवायला यायचा, आणि त्याचे अपवादही. कंजुषाचा पैसा, दारुड्याची दारू, छांदिष्टाचा छंद. यांचं समाधान घटत नाही, वाढतच जातं. अपवाद लिहून झाले की एखादी हुशार पोरगी हमखास हात वर करायची. "बाई, आणखी एखादा अपवाद आहे का?" बाहेर कुठल्यातरी मंडपात कर्ण्यावर तीच वाजत असायची, आणि वर्गातले निम्मे पाय बाकाखाली हलत असायचे. मी खडू ठेवायची, हात झटकायची आणि सरळ सांगायची, "नाही, आणखी एकही नाही." धडधडीत खोटं. पण त्या मेलीला अर्थशास्त्रात जागा मिळवून द्यायला मी मास्तरीण झाले नव्हते.